जास्त धुळीचा महिना आणि जास्त शिंकांचा महिना: मानकापूर येथील एका घराचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील घर नागपूरच्या उत्तर भागात, मानकापूर परिसरात आहे. १९९० च्या दशकातील बांधकाम, तळमजला आणि वर एक मजला, समोर लहानसे अंगण, मागून गच्चीवर जाणारा जिना. घरात पाच माणसे राहतात: आजी-आजोबा, त्यांचा मुलगा आणि सून, आणि सातवीत शिकणारी नात. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर बांधकाम निघाले आणि त्याच सुमारास घरासमोरचा डांबरी रस्ता उखडून सिमेंटचा करण्याचे काम सुरू झाले, तेव्हापासून धुळीवरून घरात रोज कुरबुर होऊ लागली. सकाळी पुसलेल्या टीव्हीच्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येत असे. नातीला सकाळी उठल्याबरोबर शिंकांवर शिंका येत, नाक गळे आणि डोळे खाजत, त्यामुळे हा प्रश्न केवळ स्वच्छतेचा राहिला नव्हता.

घरात यावर दोन ठाम मते होती. आजींच्या मते सगळी धूळ बाहेरची होती: समोरचा रस्ता, शेजारचे बांधकाम, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून वारा सुटला की औष्णिक वीजकेंद्राची राख. मुलाने कुठेतरी वाचले होते की घरातील धुळीचा सत्तर-ऐंशी टक्के भाग माणसाच्या मृत त्वचेचा असतो. त्यामुळे रस्त्याला आणि शेजाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही असे त्याचे म्हणणे होते, आणि त्याने बैठकीच्या खोलीत एअर प्युरिफायर आणून बसवला होता. सुनेला स्वतःचे मत मांडण्याइतकी फुरसत नव्हती, कारण दोन्ही मते शेवटी तिच्याच हातातल्या फडक्यापाशी येऊन थांबत होती. दिवसातून दोनदा पुसूनही घर असे कसे, हा प्रश्न तिला पाहुण्यांच्या देखतही ऐकावा लागत होता. धूळ दिसली की घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाची झडती सुरू होते, ही आपल्याकडची सवय मला अन्यायाची वाटते, आणि हे प्रकरण एवढ्या तपशिलाने लिहिण्यामागे तेही एक कारण आहे. मी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत काम करते. सुनेची आणि माझी जुनी ओळख असल्यामुळे तिने ही धूळ तपासून देण्याची विनंती केली, आणि कुटुंबाने नावे न देण्याच्या अटीवर लिहिण्यास संमती दिली.

तपासाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी लागली. टेबलावर साचणारी धूळ कुठून येते हा एक प्रश्न होता आणि नातीला शिंका कशाने येतात हा दुसरा. घरातील सर्वांनी हे दोन्ही प्रश्न एकच आहेत असे गृहीत धरले होते. माझ्या मते घराची खरी अडचण या गृहीतकातच होती.

नमुने

पहिले नमुने मे महिन्यात घेतले. रस्त्याकडच्या खिडकीची चौकट, टीव्हीमागची जागा, कपाटाचा माथा, पंख्याची पाती, स्वयंपाकघरातील गॅसच्या वरची फळी, देवघर, नातीच्या पलंगाखालची फरशी आणि तिची गादी, अशा ठिकाणांहून धूळ वेगवेगळ्या कागदी पुड्यांत गोळा केली. गादीतील धूळ व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला पातळ सुती कापड बांधून ओढून घेतली. प्रत्येक नमुना चाळून त्यातील केस व धागे वेगळे केले आणि उरलेल्या भुकटीवर साध्या चाचण्या केल्या. पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले चुंबक तिच्यावरून फिरवले, व्हिनेगरचे थेंब टाकले, थोड्या भागाला आयोडीन लावले, थोडा भाग काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि ठरावीक वजनाची भुकटी मुशीत, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या लहान भांड्यात, घालून ५५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत जाळली. या तापमानाला त्वचा, कापूस, पीठ, परागकण असे सेंद्रिय पदार्थ जळून जातात आणि माती, रेती, सिमेंट मागे राहते. त्यामुळे मुशीचे घटलेले वजन सेंद्रिय भागाचा ढोबळ अंदाज देते. भट्टी आणि सूक्ष्मदर्शक सोडल्यास यातील बाकीच्या चाचण्या कोणालाही घरी करता येतील.

खिडकीची चौकट

घरातील भांडण या धुळीवरून होते, म्हणून तिच्याकडे सर्वांत जास्त वेळ दिला. ती राखाडी, बोटांच्या चिमटीत किंचित खरखरीत लागणारी धूळ होती. चुंबक फिरवताच त्याच्या टोकाला बारीक काळ्या कणांची मिशी उभी राहिली. घरच्या मंडळींना याचे मोठे आश्चर्य वाटले, पण नागपुरात तसे होणे स्वाभाविक आहे. शहराच्या पश्चिमेला दख्खनच्या पठाराचा बसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला, आणि त्या खडकात लोह व टायटॅनियमयुक्त चुंबकीय खनिजाचे कण असतात. बसाल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीत ते कण येतात, आणि रस्त्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या गिट्टीत व चुरीतही ते असतात. वाहनांच्या ब्रेकची झीज आणि वेल्डिंगच्या ठिणग्या यांतूनही चुंबकाला चिकटणारे कण येतात. त्यामुळे चुंबकाची मिशी पाहून लोखंड कुठून आले हे सांगता येत नाही. धुळीचा बराचसा भाग घराबाहेर तयार झाला आहे, एवढे मात्र तीवरून दिसते.

व्हिनेगरच्या थेंबाखाली धूळ फसफसली, म्हणजे तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट होते. मुलाने लगेच हा सिमेंटचा पुरावा मानला. येथेही थोडे थांबावे लागते. जुना गिलावा, भिंतीचा चुना, संगमरवराची पूड आणि काही प्रकारची रांगोळी हे सगळेच व्हिनेगरमध्ये फसफसतात, आणि विदर्भातील काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे मुळातच असतात. तथापि, रस्त्याकडची धूळ घरामागच्या खिडकीतील धुळीपेक्षा कितीतरी जोराने फसफसली, आणि काँक्रीट कापण्याचे व गिलावा तासण्याचे काम समोरच चालू होते. म्हणून यातील मोठा वाटा बांधकामाचा असावा, असे म्हणणे वाजवी ठरते.

आजींच्या राखेचा प्रश्न सर्वांत रंजक निघाला. सूक्ष्मदर्शकाखाली कोनदार, चमकणाऱ्या रेतीकणांमध्ये अधूनमधून अगदी गोल, काचेसारखे मणी दिसत होते. कोळशाची पूड भट्टीत जळताना तिच्यातील खनिज भाग वितळतो आणि हवेतच थिजून असे गोल कण बनतात. मातीत किंवा रेतीत असा आकार सहसा सापडत नाही. आजींना मी ते दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "बघा, मी म्हणत नव्हते?" त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बरेच असते, आणि हिवाळ्यात नागपुरात वारा बहुतेक वेळा उत्तर व ईशान्य दिशेकडून असतो. परंतु हा नमुना मे महिन्यातला होता, जेव्हा वारे पश्चिमेकडून व वायव्येकडून येतात, आणि शेजारच्या प्लॉटवर फ्लाय अॅशच्या, म्हणजे वीजकेंद्रातील कोळशाच्या बारीक राखेच्या, विटांचा ढीग लागला होता. शिवाय आज बांधकामात सर्रास वापरल्या जाणाऱ्या पोझोलाना सिमेंटमध्ये, भारतीय मानकानुसार, १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश मिसळलेली असते. गोल मणी चिमणीतून उडत आले की शेजारी विटा कापताना, सिमेंटची गोणी रिकामी करताना उडाले, हे त्या मण्याकडे पाहून सांगता येत नाही. या चौकटीपुरता माझा कल शेजारच्या प्लॉटकडे आहे, कारण त्या बाजूच्या खिडकीत मणी सर्वांत जास्त होते.

भट्टीतून मूस बाहेर काढली तेव्हा खिडकीच्या धुळीचे वजन फारसे घटले नव्हते. म्हणजे ती धूळ मुख्यतः खनिज होती: कन्हान नदीच्या रेतीसारखे गारेचे (क्वार्ट्झचे) आणि अभ्रकाचे कण, काळी माती, गिट्टीची चुरी, सिमेंट. टीव्हीमागची आणि कपाटावरची धूळही याच जातीची होती, फक्त तिच्यात कपड्यांचे तंतू जास्त होते. टेबलावर रोज दिसणाऱ्या धुळीचे उत्तर येथे मिळाले. ती दिवसातून दोनदा पुसूनही परत येत होती, कारण तिचा उगम दिवसभर चालू होता. तिच्यावरून सुनेच्या कामाविषयी काहीही सिद्ध होत नव्हते.

त्वचेचा हिशेब

मुलाने वाचलेला आकडा इतका प्रचलित आहे की त्याची दखल घेणे आवश्यक आहे. माणसाच्या त्वचेचा बाहेरचा थर साधारण चार आठवड्यांत नवा होतो आणि जुन्या थराचे सूक्ष्म पापुद्रे सतत झडत असतात. हे प्रमाण माणशी दिवसाला एखाद-दोन ग्रॅमपर्यंत धरले जाते. पाच माणसांचे वर्षभराचे पापुद्रे मोजले तर हिशेब किलोंमध्ये जातो, आणि म्हणूनच हा आकडा खरा वाटतो. पण हे पापुद्रे सगळे टेबलावर पडत नाहीत. आंघोळीच्या पाण्याबरोबर ते मोरीतून वाहून जातात, कपड्यांना चिकटून धुण्यात जातात, दिवसभर बाहेर असलेल्या माणसाचे बाहेरच पडतात. उरलेल्यांतील मोठा भाग जिथे माणूस दीर्घकाळ अंग टेकून असतो तिथे, म्हणजे अंथरुणात साठतो. बंद, वातानुकूलित, गालिचे असलेल्या कार्यालयात बाहेरची माती कमी येते म्हणून तिथल्या धुळीत त्वचेचे प्रमाण साहजिकच वाढते. जिथे खिडक्या उघड्या, रस्ता उखडलेला आणि फरशी उघडी, अशा नागपूरच्या घरात तोच आकडा लावणे चुकीचे आहे.

डेव्हिड लेटन आणि पालोमा बीमर या संशोधकांनी २००९ मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील घरांसाठी आर्सेनिकसारख्या घटकांचा माग काढून दाखवले होते की जमिनीवरच्या धुळीत हवेतून आत येणाऱ्या आणि पायांना लागून येणाऱ्या बाहेरच्या मातीचा वाटा मोठा असतो. त्यांचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. आपण चपला दाराशी काढतो, पण खिडक्या वर्षातील बराच काळ सताड उघड्या ठेवतो. दिशा मात्र तीच आहे, आणि खिडकीच्या धुळीची भट्टीतील चाचणी तेच सांगत होती.

पंखा, स्वयंपाकघर, देवघर

पंख्याच्या पात्याची जी कड हवा कापत पुढे जाते, तिच्यावर धुळीची जाड काळी पट्टी होती आणि मागची कड जवळपास स्वच्छ होती. पुढच्या कडेवर कण वेगाने आदळतात, आणि स्वयंपाकाच्या तेलाचा अतिसूक्ष्म थर तिथे आधीच बसलेला असल्याने ते चिकटून राहतात. ही पट्टी नखाने सोलली तर नमद्यासारखी सलग निघते. सूक्ष्मदर्शकाखाली ती कापसाच्या पीळ पडलेल्या चपट्या तंतूंची, पॉलिस्टरच्या गुळगुळीत दांड्यांची आणि त्यांत अडकलेल्या काजळीची निघाली. स्वयंपाकघराच्या फळीवर आयोडीनने गडद निळे ठिपके उमटले, म्हणजे तिथे पिठाची धूळ होती. देवघरात उदबत्तीची राख, काजळी आणि कुंकवाचे कण होते. येथे विशेष शोध लागला नाही. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी: उदबत्तीची जी राख आपण पुसतो ती निरुपद्रवी असते, तिचा धूर मात्र श्वासात खोलवर जाणाऱ्या कणांचा असतो. नातीच्या खोलीत रात्री डासांची कॉइल लावली जात असे, तिचे तर विचारायलाच नको. एक कॉइल जळताना बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. कॉइल त्याच दिवशी बंद झाली आणि खिडकीला जाळी लावून घेतली गेली.

नातीची गादी

पलंगाखालच्या धुळीत राखाडी लोळे होते, फुंकर मारली की सरकणारे. त्यांत मुख्यतः कापूस होता, कारण नातीची गादी आजींच्या काळातील, कापूस भरलेली आणि बरीच वर्षे पिंजून न घेतलेली होती. गादीतून ओढलेली धूळ दिसायला फिकट, मऊ आणि वजनाला अगदी थोडी होती. तीच भट्टीत घातली तेव्हा तिचा मोठा भाग जळून गेला. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाच्या तंतूंमध्ये पारदर्शक, अनेक कोनांचे त्वचेचे पापुद्रे भरपूर दिसले. मुलाने वाचलेली गोष्ट घरात एका ठिकाणी खरी ठरत होती, ती येथे. त्यातच धुळीतील माइट होते. हे आठ पायांचे, कोळ्याच्या कुळातील, पाव मिलिमीटरच्या आसपास लांबीचे जीव आपल्याला चावत नाहीत, झडलेल्या त्वचेवर जगतात. घरातील धुळीच्या अॅलर्जीमागे हेच जीव आहेत हे नेदरलँड्समधील लायडेन येथे राइंडर्ट फोरहोर्स्ट, फ्रिट्स स्पीक्समा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले. त्रास मुख्यतः त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांनी होतो. विष्ठेचे कण साधारण १० ते ४० मायक्रॉनचे असतात, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

हा आकार महत्त्वाचा आहे, कारण कण हवेत किती वेळ टिकतो हे त्यावर ठरते. एक मायक्रॉनचा कण स्थिर हवेत छतापासून जमिनीपर्यंत यायला जवळजवळ एक दिवस घेतो, तर दहा मायक्रॉनचा कण पंधरा-वीस मिनिटांत खाली बसतो आणि त्याहून मोठा त्याच्याही आधी. म्हणजे माइटच्या विष्ठेचे कण गादी हलवली, चादर झटकली, कूस बदलली की उडतात आणि काही मिनिटांत परत बसतात. ते नाकात जातात ते उशीवर डोके असताना किंवा अंथरूण आवरताना. बैठकीच्या खोलीतील प्युरिफायरपर्यंत ते पोहोचतच नाहीत. त्या यंत्राने बारीक, तरंगत्या कणांचे आपले काम बहुधा चोख केले असेल, पण या घरातील दोन्ही प्रश्नांपैकी एकही त्याच्या हद्दीत येत नव्हता.

कालगणना

येथे सुनेने एक गोष्ट सांगितली, जी तोपर्यंत कोणी विचारली नव्हती. नातीचा त्रास बांधकाम सुरू होण्याच्या आधीपासून होता. पावसाळ्यात आणि त्यानंतर दसरा-दिवाळीपर्यंत तो सर्वांत जास्त असे. उन्हाळ्यात कमी होई, पण पूर्ण थांबत नसे. शाळेच्या वहीमागे तिने आजारपणाच्या सुट्ट्या लिहून ठेवल्या होत्या, आणि त्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्येच दाटल्या होत्या. घरात धूळ मात्र एप्रिल-मेमध्ये सर्वांत जास्त असते, जेव्हा जमीन कोरडी ठणठणीत होते आणि दुपारी वावटळी उठतात. सर्वांत धुळकट महिना आणि सर्वांत जास्त शिंकांचा महिना एकच नव्हता. माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत मोलाचा पुरावा हाच होता, आणि तो प्रयोगशाळेतून आला नाही, एका आईच्या नोंदीतून आला.

माइटच्या जीवनक्रमाशी ही कालगणना तंतोतंत जुळते. हे जीव पाणी पीत नाहीत, हवेतील बाष्प अंगात शोषून घेतात. सापेक्ष आर्द्रता बराच काळ पन्नास टक्क्यांखाली राहिली तर ते सुकून मरू लागतात, आणि पंचवीस अंशांच्या आसपासचे तापमान व सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता त्यांना सर्वाधिक मानवते. नागपूरचा मे महिना त्यांना मारक असायला हवा. येथे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि उन्हाळी दुपारी हवेतील आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. मग गादीत मे महिन्यातही जिवंत माइट का सापडले?

त्याचे उत्तर खिडकीत बसवलेल्या कूलरमध्ये होते. नागपूरकर मार्चमध्ये कूलर काढतो आणि जूनपर्यंत त्याच्याशिवाय झोपत नाही. कूलर हवा थंड करतो ती पाण्याचे बाष्प करून, म्हणजे खोलीतील आर्द्रता वाढवूनच. नातीचा पलंग कूलरच्या झोतासमोर होता. तिथे ठेवलेल्या आर्द्रतामापकाचा काटा बाहेर रणरणते ऊन असताना रात्रभर साठच्या आसपास राहिला. कोरड्या प्रदेशांतील घरांत कूलरमुळे माइट टिकून राहतात हे अमेरिकेच्या पश्चिम भागातील अभ्यासांतही दिसून आले आहे. म्हणजे उन्हाळा घरातील माइटची संख्या मोडून काढत होता आणि एवढ्या एका पलंगापुरता कूलर तिला तारून नेत होता. पाऊस सुरू झाला की हेच जीव झपाट्याने वाढत. मेलेल्या माइटची विष्ठाही महिनोन्महिने गादीत तशीच राहते, त्यामुळे उन्हाळ्यात त्रास कमी झाला तरी थांबत नव्हता.

कूलरविषयी आणखी एक निरीक्षण. त्याच्या जाळीतील गवताच्या ताट्या गेल्या वर्षीच्याच होत्या, त्यांच्यावर नळाच्या पाण्यातील क्षारांचा पांढरा थर चढला होता आणि खालच्या भागात काळपट बुरशी होती. पहिल्या दिवशी कूलर सुरू होताच गवताचे तुकडे आणि तो कुबट वास खोलीभर पसरतो, हे प्रत्येक घराने अनुभवलेले असते. वर्षातून एकदा ताट्या बदलणे आणि टाकी घासून कोरडी करणे हा खर्च टाळण्यासारखा नाही.

कुटुंबाने नातीला अॅलर्जीच्या डॉक्टरांकडे नेले. त्वचेवरील चाचणीत माइटची प्रतिक्रिया ठळक आली, गाजरगवताच्या परागांची सौम्य आली. सिमेंटच्या धुळीची अशी चाचणी नसते. त्या धुळीने नाक-घसा चुरचुरतो हे खरे आहे, आणि बांधकामावर वर्षानुवर्षे गारेची बारीक धूळ श्वासात घेणाऱ्या मजुरांना सिलिकोसिससारखा फुफ्फुसांचा गंभीर आजार होतो. शेजारच्या प्लॉटवर तोंडाला नुसता गमछा बांधून विटा कापणाऱ्या माणसांची काळजी मला या घरातील कोणाहीपेक्षा जास्त वाटली, हे येथे नमूद करणे मला भाग आहे.

काय बदलले

टेबलावरच्या धुळीसाठी आणि गादीतल्या धुळीसाठी वेगवेगळे उपाय करावे लागले. रस्त्याकडच्या खिडक्या काम चालू असताना, म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, बंद ठेवायच्या आणि मागच्या उघडायच्या असे ठरले. दाराबाहेर काथ्याचे आणि दाराच्या आत सुती असे दोन पायपुसणे आले. आजोबांनी बांधकामाच्या ठेकेदाराला भेटून हिरवी जाळी लावण्याची आणि विटा पाणी मारून कापण्याची विनंती केली, आणि ती मान्य झाली. झाडण्याचा क्रमही बदलला. पूर्वी फुलझाडूने झाडून लगेच टेबले पुसली जात, त्यामुळे उडालेली धूळ पुसलेल्या जागेवर परत बसत असे. आता आधी पंखा, मग ओल्या फडक्याने फर्निचर, शेवटी झाडू आणि पोछा.

जुन्या दारांचा ऑइलपेंट घासून काढण्याचा आजोबांचा बेत मी थांबवला. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि ही दारे त्याच्या कितीतरी आधी रंगवलेली होती. अशा रंगाची कोरडी पूड फरशीवर पडते, लहान मुलांच्या हातांना लागते आणि तोंडात जाते. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रंग काढायचाच असेल तर पृष्ठभाग ओला ठेवून, लहान मुले घरात नसताना काढावा, किंवा त्यावर नवा रंग चढवून तो झाकून टाकावा.

गादीसाठी नागपूरचे ऊन कामी आले. जून लागण्यापूर्वी, नवतपाच्या दिवसांत, ती काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून गच्चीवर भर दुपारी ठेवली, दोन्ही बाजूंनी तापवली, मग नात घरात नसताना वाऱ्याच्या दिशेने धरून झोडपली. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला, तोही घराबाहेर. विदर्भातील घरांत उन्हाळ्यात गाद्या-रजया गच्चीवर टाकण्याची पद्धत होतीच, अलीकडे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची ती सुटत चालली आहे. उष्णतेने माइट मरतात, पण साचलेली विष्ठा केवळ उन्हाने जात नाही, म्हणून झोडपणे आणि नंतर घट्ट विणीच्या, चेन असलेल्या खोळीत गादी बंद करणे हे दोन्ही आवश्यक होते. चादरी आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला साठ अंशांच्या पाण्यात धुतले जाऊ लागले. कूलरचा झोत पलंगावरून वळवला.

पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, दुसरे नमुने घेतले. चौकटीवरची धूळ मे महिन्याच्या तुलनेत थोडी आणि गडद होती. तिच्यात रेती व सिमेंट कमी, गाजरगवताचे काटेरी पराग आणि बुरशीचे बीजाणू जास्त होते. अमेरिकेतील सुमारे १,२०० घरांच्या धुळीवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले होते की धुळीतील बुरशी त्या भागाच्या हवामानावर आणि बाहेरील निसर्गावर ठरते, तर जिवाणू घरात राहणाऱ्या माणसांवर आणि पाळीव प्राण्यांवर. या घरातील बुरशीतही बाहेरचा पावसाळा स्पष्ट दिसत होता. गादीच्या खोळीवरून घेतलेल्या नमुन्यात पापुद्रे होते, माइट क्वचितच दिसले.

नातीच्या सकाळच्या शिंका त्या दिवाळीत लक्षणीयरीत्या कमी झाल्या. डॉक्टरांनी नाकात मारण्याचा स्प्रेही दिला होता, आणि कॉइलही बंद झाली होती, त्यामुळे सगळे श्रेय गादीला देता येणार नाही. एकाच वेळी अनेक बदल केले की कोणत्या बदलाने किती फरक पडला हे वेगळे करता येत नाही, आणि मूल आजारी असताना ते वेगळे करत बसण्याची अपेक्षाही करू नये. प्युरिफायर आता नातीच्या खोलीत रात्री चालतो, कारण बुरशीच्या बीजाणूंसाठी आणि हिवाळ्यातील धुरकट हवेसाठी तो उपयोगी आहे. शेजारच्या इमारतीचा बाहेरचा गिलावा अजून व्हायचा आहे. तोपर्यंत बैठकीच्या खोलीतील टेबल दिवसातून एकदाच पुसायचे आणि त्यावर दिसणाऱ्या धुळीविषयी सुनेला कोणी विचारायचे नाही, असे आजींनीच ठरवून दिले आहे.